फरेऱ्यांची धाकली

मैत्रिणींनो, आजची बाई वाइनच्या धंद्यातली आहे, हे आधीच सांगून टाकते. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी घरोघर फिरलेली मी, आणि मीच वाइनवालीची गोष्ट सांगायला बसले, म्हणून काहीजणींच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. मला यात वाइनपेक्षा त्या बाईचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. दोनदा विधवा झालेली, देशाच्या पंतप्रधानाला नकार दिलेली, सगळे विकत होते तेव्हा विकत घेणारी ही बाई शेतकरीण होती, आणि तिचं पीक होतं द्राक्ष. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बायकांना हे पीक काय काय दाखवतं ते मी सांगायला नको.

आधी एक आकडा सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला एक लिलाव झाला. त्यात १८६३ सालच्या पोर्ट वाइननं भरलेली एकच स्फटिकाची सुरई विकली गेली ती १ लाख २६ हजार ७०६ अमेरिकन डॉलरना. आपल्या पैशात नव्वद लाखांच्या घरात! सोनं नाही, जमीन नाही, दीडशे वर्षांपूर्वीचा द्राक्षाचा रस. ती वाइन होती नीपोर्ट नावाच्या दुसऱ्या एका घराण्याची. पण ज्या खोऱ्यातली होती आणि ज्या काळातली होती, त्या खोऱ्याची आणि त्या काळाची सम्राज्ञी म्हणावी अशी बाई म्हणजे आंतोनिया आदेलाइद फरेरा. पोर्तुगालमध्ये तिला सगळे फेरेरिन्या म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत, फरेऱ्यांची धाकली. ८४ वर्षांची होऊन गेली तरी लोकांची ती धाकलीच राहिली.

फरेरा हे आडनाव आपल्याला अगदीच परकं नाही. गोव्यात ते आजही भेटतं. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. गोव्याच्या सहलीहून येताना कुणीतरी हळूच पिशवीत घालून आणतं ती गोड, लाल, स्वस्तातली बाटली तुम्ही पाहिली असेल. पण ती नावाचीच पोर्ट. खरी पोर्ट फक्त पोर्तुगालच्या उत्तर भागात, दोरो नदीच्या खोऱ्यात पिकलेल्या द्राक्षांची. या खोऱ्याची हद्द सरकारनं १७५६ साली आखून दिली, जगातल्या अशा अगदी पहिल्यावहिल्या हद्दींपैकी ही एक.

हे खोरं म्हणजे देवानं शेतीसाठी केलेलंच नव्हे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, माती नावालाच. खडक आपल्या जुन्या पाटीसारखा, थराथरांचा. तो फोडून, दगडाच्या ताली रचून डोंगराला पायऱ्या पाडायच्या आणि त्या पायऱ्यांवर वेली लावायच्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तो दगड दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडत राहतो. वेलीची मुळं पाणी शोधत खडकाच्या भेगांतून खोल खोल उतरतात. अशा तापलेल्या सालात द्राक्षाचा मणी लहान राहतो, साल जाड होते, साखर वाढते, रंग गडद येतो. अशा मण्याची वाइन कोवळी असताना तोंडाला मिठी मारते, घशात टोचते, पण तिच्यात टिकण्याची ताकद असते. म्हणून तर काही काही सालांचं नाव होतं आणि शौकीन लोक ते साल शोधत फिरतात. मात्र ऊन जास्त झालं की द्राक्षाचा बेदाणा होतो आणि वाइन मुरब्ब्यासारखी लागते, हेही खरं. २००३ साली युरोपात उन्हानं हाहाकार उडाला, तेव्हा दोरोतल्या मोठ्या घराण्यांनी ते वर्ष उत्तम म्हणून जाहीर केलं. युरोपात इतरत्र मात्र त्या सालच्या कितीतरी लाल वाइन लवकरच उतरू लागल्या. म्हणजे ऊन तेच, पण सोसणारा कोण यावर सगळं.

पोर्टची कृतीही थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा व्यवहार त्यावर आहे. घड बायका कापायच्या, भरलेल्या टोपल्या पुरुषांनी पाठीवर घेऊन उतरायच्या. दगडी हौदात द्राक्षं ओतून रात्री माणसं एकमेकांच्या खांद्याला हात लावून रांगेनं ती पायांनी तुडवत. रस आंबायला लागला की मध्येच त्यात द्राक्षाचाच कडक अर्क ओततात. त्यानं आंबणं थांबतं, गोडवा शिल्लक राहतो आणि वाइन वर्षानुवर्षं टिकते. मग मोठमोठी लाकडी पिंपं चपट्या होड्यांत चढवून, खळाळत्या नदीतून, समुद्रकाठच्या पोर्तो शहरासमोर गाया नावाच्या गावी वखारीत आणायची. एकेक पिंप साधारण साडेपाचशे लिटरचं. तिथे ती मुरत पडायची आणि पुढे इंग्लंडला जायची. खरा गिऱ्हाईक इंग्रज.

आंतोनियाचा जन्म ४ जुलै १८११ चा, रेगुआ गावाजवळचा. घराणं द्राक्षवाल्यांचं, खाऊनपिऊन सुखी नव्हे तर चांगलंच श्रीमंत. १८३४ मध्ये तिचं लग्न लावून दिलं ते सख्ख्या चुलत भावाशी. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण तिथे घराण्याची जमीन घराण्यातच राहावी म्हणून अशी लग्नं सर्रास होत. त्या वेळी पोर्तुगालात दोन भावांच्या गादीच्या भांडणातून यादवी माजली होती आणि ती नुकतीच संपत होती. या यादवीत, १८३३ साली, गायातल्या एका मोठ्या कंपनीच्या वखारींना आग लावली गेली आणि हजारो पिंपं वाइन नदीत वाहून गेली. साठवून ठेवलेल्या मालाचं काय होऊ शकतं, हे या मुलीनं बाविसाव्या वर्षीच पाहिलं.

नवरा, आंतोनियो बेर्नार्दो, हा शहरी थाटामाटाचा माणूस. त्याला बागेपेक्षा पोर्तोतला वाडा, मेजवान्या आणि प्रवास यांची आवड. त्याच्या वडिलांनी मात्र नदीच्या वरच्या अंगाला व्हेसुव्हियो नावाची अफाट बाग उठवली होती. सासऱ्यानं डोंगर फोडले आणि मुलानं पैसे मोडले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. दोन मुलं पदरात, एक मुलगा आणि एक मुलगी. एक लेक लहानपणीच गेली होती. १८४४ मध्ये नवरा वारला तेव्हा आंतोनिया तेहतिशीची.

इथून खरी गोष्ट सुरू होते. त्या काळातल्या युरोपात लग्न झालेल्या बाईच्या नावावर काही असलं तरी कारभार नवऱ्याचा. सही त्याची, व्यवहार त्याचा. विधवा झाली की मात्र तीच बाई कायद्यानं स्वतःच्या मालमत्तेची मालकीण. म्हणजे नवरा जाण्याचं दुःख आणि हातात किल्ल्या येणं, दोन्ही एकाच दिवशी. आपल्याकडे गावोगाव बायकांच्या कागदपत्रांसाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना मला हे फार जाणवतं. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लागतं खरं, पण बागेत काय लावायचं, माल कधी विकायचा, हे दीर ठरवतो नाहीतर व्यापारी. आंतोनियानं हे दुसऱ्याला ठरवू दिलं नाही. कर्ज किती, येणं किती, कुठल्या बागेत किती पिंपं, हे तिनं स्वतः पाहायला घेतलं. ती पोर्तोच्या वाड्यात न बसता खोऱ्यात राहिली. या बागेतून त्या बागेत खेचरावरून नाहीतर होडीनं जायचं, उन्हातान्हात. मदतीला होता फ्रान्सिस्को जुझे द सिल्व्हा तोरिस हा कारभारी. माणूस कामाचा आणि भरवशाचा.

पैसा दिसला की सोयरे येतात. १८५० च्या दशकात पोर्तुगालचा पंतप्रधान होता मार्शल साल्दान्या. ड्यूक, सेनापती, देशातला सर्वात वजनदार माणूस. त्याला आपल्या मुलासाठी आंतोनियाची लेक हवी होती. लेक तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची! आंतोनियानं नकार दिला. मुलगी मोठी झाल्यावर स्वतः ठरवील, अशी तिची भूमिका. ऐकून घ्यायची सवय नसलेल्या त्या माणसानं मुलीला पळवून नेण्यासाठी हत्यारबंद माणसं पाठवली, असं सांगतात. आई लेकीला घेऊन निघाली. साध्या शेतकरी बायकांच्या वेशात, डोंगरवाटांनी स्पेनमध्ये, आणि तिथून थेट लंडनला. एवढा पसारा, एवढ्या बागा मागे टाकून. लेकीचं बालपण वाचवायला देश सोडणारी आई एकोणिसाव्या शतकात मला दुसरी आठवत नाही. ती मुलगी पुढे काउंट आझांबुजाची बायको झाली.

लंडनमध्येच आणखी एक गोष्ट घडली. सोबत आलेल्या तोरिसशी आंतोनियानं १८५६ मध्ये लग्न केलं. मालकीण आणि कारभारी! पोर्तोच्या दिवाणखान्यांत काय चर्चा झाली असेल याची कल्पना करा. योगायोग असा की आपल्याकडे विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला तोही १८५६ मध्येच. कायदा झाला तरी आपल्या बायकांना तो वापरता येईपर्यंत पिढ्या गेल्या, ती कथा निराळी.

परत आल्यावर तिच्या आयुष्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग घडला, १२ मे १८६१ ला. व्हेसुव्हियोच्या बागेतून पाहुण्यांसह होडीनं खाली येत असताना व्हालेइरा नावाच्या अरुंद, खळाळत्या घळीत होडी उलटली. सोबत होता जेम्स फॉरेस्टर, वाइनचा इंग्रज व्यापारी. यानं दोरो नदीचा पहिला चांगला नकाशा काढला होता, नदीचा कोपरान्‌कोपरा त्याला ठाऊक. तोच बुडाला. त्याचा देहही मिळाला नाही. कमरेला सोन्याच्या नाण्यांचा पट्टा होता, त्याच्या वजनानं तो तळाला गेला असं म्हणतात. आंतोनिया मात्र वाचली. त्या काळी बायकांचे झगे घेरदार, आत कड्यांचा सांगाडा. त्यात हवा भरून ती पाण्यावर तरंगत राहिली, अशी आख्यायिका आहे. झग्याचं खरं किती आणि रंगवलेलं किती कोण जाणे, पण ही गोष्ट तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. माझं मत विचाराल तर या एका झग्यानं तिच्यावर अन्यायच केलाय. लोकांना तरंगणारी बाई आठवते, हिशेब करणारी आठवत नाही.

तर हिशेबाकडे येते.

१८६८ च्या सुमारास खोऱ्यात पीक अमाप आलं. आपल्याकडे टोमॅटोचं होतं तसंच झालं. माल भरपूर, भाव कोसळला, छोट्या शेतकऱ्यांना पिंपं ठेवायला जागा नाही आणि थांबायला पैसा नाही. व्यापारी तर अशाच दिवसांची वाट पाहत असतो. आंतोनियानं तेव्हा लोकांची वाइन मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. बाजारात आणखी पडू नये असा भाव धरून घेतली आणि वखारीत ठेवून दिली. शेजारीपाजारी वाचले. तिच्या आप्तांना हा भिकेचा डोहाळा वाटला असेल तर नवल नाही, कारण माल जागा खातो, राखण मागतो आणि १८३३ सारखी एक ठिणगी पुरते. पण पोर्टचं हेच तर मर्म आहे. टोमॅटो दुसऱ्या दिवशी सडतो, ही वाइन दरवर्षी वाढते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद भरून ठेवायची पद्धत होती. हळद कीड न लागता वर्षानुवर्षं राहायची आणि भाव आला की पेव उघडायचं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आंतोनियाची वखार लगेच समजेल.

दोनच वर्षांत फासे फिरले. त्याआधी, १८५० च्या दशकात, खोऱ्यानं भुरी सोसली होती. हो, तीच आपली भुरी, पानावर आणि मण्यावर पांढरी पूड धरणारी. तिच्यावर गंधकाचा उपाय निघाला. पण आता अमेरिकेतून एक कीड आली होती, फायलोक्सेरा नावाची. माव्याच्या जातीची, टाचणीच्या टोकाएवढी, आणि राहते मुळांवर. वरून वेल हिरवी दिसते, खाली मूळ कुजत जातं. फवारणी करायची कशावर? फ्रान्सच्या बागा गेल्या, मग दोरोच्या. बाजारात वाइनची टंचाई झाली आणि इंग्रज दारात आला. माल होता तो आंतोनियाच्या वखारीत.

आजचे श्रीमंत लोक चांगल्या सालच्या बाटल्या घेऊन ठेवतात आणि वीस-तीस वर्षांनी विकतात. त्याला गुंतवणूक म्हणतात, त्याचे भाव छापून येतात, सल्लागार असतात. बाटल्या अंधारात, थंडाव्यात, आडव्या ठेवायच्या, बूच वाळू द्यायचं नाही. जुन्या पोर्टच्या बाटलीवर चुन्यासारखा एक पांढरा फराटा ओढलेला असायचा, तो वर ठेवायचा म्हणजे गाळ नेहमी एकाच अंगाला बसतो. फार जुन्या बाटलीचं बूच भुगा होऊन जातं, म्हणून तापवून लाल केलेल्या चिमट्यानं बाटलीची मानच उडवतात. हे सगळं वाचायला मजेचं आहे. पण सगळ्या बाटल्यांचे नव्वद लाख होत नाहीत. बहुतेकींचा खर्च राखणीतच जातो, नकली मालही असतो, आणि साल फसलं तर हातात व्हिनेगर. भिशीचे पैसे कुणी यात घालावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. सांगायचं एवढंच की या सगळ्या खेळात पैसा लागतो तो विकत घ्यायला थोडा आणि थांबायला जास्त. गरिबाकडे नसतो तो थांबायचा पैसा. आंतोनियाकडे होता, आणि तिनं तो योग्य वेळी बाहेर काढला.

किडीच्या वर्षांत तिनं आणखी एक गोष्ट केली. कर्जबाजारी होऊन लोक बागा सोडून जात होते, डोंगरच्या डोंगर ओस पडत होते. तिनं त्या जमिनी घेतल्या. कीड गेली नव्हती, उपाय पक्का नव्हता, तरी घेतल्या. उपाय निघाला तो कलमाचा. अमेरिकन वेलीच्या मुळाला ही कीड फारसं काही करू शकत नाही. मग खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली जात. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलमं करतात तो खुंटही अमेरिकेकडचाच. आपली कारणं निराळी, पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन, पण युक्ती तीच. आंतोनिया गेली तेव्हा तिच्या मालकीच्या वीसहून अधिक बागा होत्या.

आता इथे माझ्यातली कार्यकर्ती थोडी अडखळते. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याची जमीन पडत्या भावात घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी संत म्हणत नाही. मग हिला का म्हणायचं? पोर्तुगालात तिला गरिबांची आई म्हणतात. मी तिला देव्हाऱ्यात बसवणार नाही. तिला फायदा झाला आणि तो तिनं ओळखून करून घेतला. पण तिनं जमीन घेऊन ती पडीक ठेवली नाही की पुढे फुंकून विकली नाही. ताली पुन्हा रचल्या, खुंट लावले, रस्ते काढले. खोऱ्यात दुसरं काम नव्हतं तेव्हा शेकडो हातांना तिच्या बागांत काम मिळालं. आपल्या दुष्काळी कामांसारखंच म्हणा ना. शिवाय रेगुआ आणि आसपासच्या गावांतले दवाखाने, शाळा यांना तिनं सढळ हातानं दिलं. राजानं काउंटेसची पदवी देऊ केली तर ती नाकारली. जिनं पंतप्रधानाची सोयरीक नाकारली तिला पदवीचं काय अप्रूप! व्यापार आणि दया यांच्यामध्ये रेघ मारायची आपल्याला घाई असते. या बाईकडे ती रेघ सापडत नाही. शेजाऱ्याचा माल घेताना ती त्याला वाचवत होती की पैसा पेरत होती? मला वाटतं, तिला हे दोन प्रश्न वेगळे वाटलेच नसतील.

१८८० मध्ये तोरिसही गेला. दुसऱ्यांदा वैधव्य. वय एकोणसत्तरच्या आसपास. आपल्याकडे या वयात बाईच्या हातात जपमाळ देतात. आंतोनियानं तर तीनच वर्षांपूर्वी, १८७७ मध्ये, सगळ्यात वेडा सौदा केला होता. नदीच्या पार वरच्या टोकाला, स्पेनच्या हद्दीकडे, फोश कोआच्या नगरपालिकेची सुमारे ३०० हेक्टर माळरान जमीन तिनं लिलावात घेतली. रस्ता नाही, वस्ती नाही, आणि सगळ्या खोऱ्यात तापणारा भाग तो हाच. तिथे जाऊन द्राक्ष लावायचं म्हणजे विस्तवात हात घालणं. रेल्वे पुढे सरकत होती, हे मात्र तिनं हेरलं होतं. १८८७ पर्यंत रूळ त्या भागात पोचले. होडी उलटून जिवावर बेतलेली बाई आगगाडीची वाट बघत होती यात काय आश्चर्य. त्या साली लागवड सुरू झाली ती १८९५ पर्यंत चालली. घर बांधलं, वखारी बांधल्या, चॅपेल बांधलं. बागेचं नाव व्हाले मेआंव.

२६ मार्च १८९६ ला आंतोनिया रेगुआत वारली. नव्या बागेतली मुरलेली वाइन चाखणं तिच्या नशिबी नव्हतं. पोर्टला मुरायला लागतात तेवढी वर्षं तिच्याकडे उरलीच नव्हती, आणि हे वेली लावताना तिला ठाऊक असणार.

पुढचं थोडक्यात. दोन वर्षांत वारसांनी मिळून कंपनी केली, तिच्या नावाची पोर्ट आजही मिळते. गायाच्या वखारीत १८१५ सालापासूनच्या बाटल्या जपून ठेवल्या आहेत. ती कंपनी १९८७ मध्ये सोग्रापे या मोठ्या कंपनीनं घेतली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या नावानं पोर्तुगालमधल्या कर्तबगार बायकांना पुरस्कार देतात. २००४ मध्ये तिच्यावर तिथल्या दूरदर्शनवर मालिकाही आली.

आणि व्हाले मेआंवचं काय झालं? त्या तापल्या माळावरची द्राक्षं वापरून कंपनीच्या फर्नांदो निकोलाव द आल्मेइदा या माणसानं १९५२ साली अर्क न घातलेली, साधी लाल वाइन केली. तोवर दोरोत चांगली वाइन म्हणजे पोर्टच, लाल वाइन आपली घरी प्यायला. अडचण उन्हाचीच होती. रस आंबताना इतका तापायचा की सगळं बिघडायचं, आणि त्या भागात तेव्हा वीज नव्हती. मग रात्रीच्या वेळी मातोझिन्यूश या मासेमारी बंदरातून बर्फाच्या लाद्या ट्रकनं आणायच्या, भुश्श्यात गुंडाळून. वितळून उरेल तेवढ्या बर्फानं रस थंड करायचा. त्या वाइनचं नाव बार्का व्हेल्या, म्हणजे जुनी होडी. आज पोर्तुगालची सगळ्यात नावाजलेली आणि संग्राहक जिच्यासाठी रांग लावतात ती लाल वाइन हीच. पण दरवर्षी ती निघत नाही. वाइन बाटलीत भरून वर्षानुवर्षं ठेवतात, चाखत राहतात, आणि मगच ठरवतात की हे साल त्या नावाला शोभतं की नाही. नाही शोभलं तर दुसऱ्या नावानं विकतात. सत्तर वर्षांत जेमतेम वीसएक वेळा हे नाव लागलंय.

बाग स्वतः मात्र तोवर वाटण्यांत अडकली होती. आंतोनियाच्या पणतू-खापरपणतूंची एवढी मोठी बिऱ्हाडं, प्रत्येकाचा तुकडा, प्रत्येकाची सही. १९९४ मध्ये तिच्याच वंशातल्या फ्रान्सिस्को झाव्हियेर द ओलाझाबाल यांनी नातेवाइकांचे हिस्से विकत घेऊन ती एकहाती केली, आणि १९९९ पासून बागेच्या नावानंच वाइन काढायला सुरुवात केली. इतक्या भाऊबंदांच्या सह्या एका कागदावर आणणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी वाटण्या झाल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.